सागवानी डायनिंग टेबल: तेल की पीयू (पॉलियुरेथेन)?

प्रश्न: जुन्या सागाचं सहा जणांचं टेबल, फ्लॅट कोथरूडला. पॉलिश खरवडून झालंय. हाताला लाकूडच लागलं पाहिजे, पण रोजची जेवणंही झेपायला हवीत. काय लावू?

रंधा: लाखेचं पॉलिश नकोच, गरम पातेल्याखाली पांढरं कडं उठतं. हार्डवॅक्स ऑइल (लाकडात मुरणारं तेल-मेणाचं मिश्रण) घ्या. आधी १२०, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच. याहून बारीक घासलंत तर तेल नीट मुरत नाही. हात अगदी पातळ द्या आणि १५-२० मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: न पुसलेला थर कित्येक दिवस चिकट राहतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

पटाशी: घरात लहान मुलं असतील तर मी मॅट पीयूच सुचवेन, म्हणजे लाकडावर प्लास्टिकसारखा थर धरणारं, चकाकी नसलेलं पॉलिश; तेही टू-पॅक, दोन डब्यांतलं मिसळून लावायचं. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून थिनरने पुसून, सुकल्यावर लगेच पहिला हात मारा, नाहीतर पापुद्रे सुटतात. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत हे काम काढायची घाई नको, थर दुधाळ पडू शकतो. कुकर मात्र स्टँडवरच.

रंधा: पीयूवर चरा पडला तर बहुधा पूर्ण टॉप घासावा लागतो, तेलात तेवढीच जागा दुरुस्त होते. हळद दोन्हीवर लगेच पुसा. आणि कृपा करून तेलाची फडकी बोळा करून टाकू नका! सुकताना तापून आपोआप पेटतात. बाहेर पसरून वाळवा.