गळीत हंगामाआधी डेटाबेस सर्व्हरचं अपग्रेड : प्रोसेसर, रॅम की डिस्क?

काटाघर_लातूर
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा डेटाबेस सर्व्हर आहे. ऊस नोंद, तोडणी-वाहतूक, काटा, शेतकऱ्यांची बिलं, भांडार, सगळं एकाच एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्डवर चालतं. डेटाबेस ४८० जीबीचा, दर हंगामात साधारण ७० जीबीची भर पडते. मशीन २०१९ चं: झिऑन सिल्व्हर ४११० चे दोन प्रोसेसर (मिळून १६ कोर), ६४ जीबी रॅम (१६ च्या ४ पट्ट्या), १.२ टीबीच्या १० हजार आरपीएमवाल्या ८ सॅस डिस्क, रेड ५ (डिस्क जोडून एकच साठा, एक गेली तरी डेटा टिकतो). विंडोज, डेटा, लॉग (प्रत्येक बदलाची नोंद), टेम्पडीबी (एसक्यूएलची तात्पुरती जागा) सगळं त्याच अ‍ॅरेवर.

पंधरवड्याचं बिल काढायला घेतलं की काट्यावर पावती निघायला २०-२५ सेकंद लागतात आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर जाते. सीपीयू मात्र ३५ टक्क्यांच्या वर जात नाही. पुरवठादाराचं कोटेशन आलंय: नवीन सर्व्हर, ३२ कोरचे दोन प्रोसेसर, ५१२ जीबी रॅम. एसक्यूएलचे परवाने आम्ही कोरवर घेतलेले आहेत. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत काम उरकायचंय, हातात अडीच महिने आहेत. काय करावं?

रेड_दहा
दादा, ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. स्टँडर्ड आवृत्ती २०१९ मध्ये जास्तीत जास्त २४ कोर वापरते आणि बफर पूल (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) १२८ जीबीच्या पुढे जात नाही. ६४ कोरचं मशीन घेतलंत तर फिजिकल सर्व्हरवर परवाना सगळ्या ६४ कोरचा घ्यावा लागेल आणि त्यातले ४० कोर एसक्यूएलच्या कामाचे नाहीत. शिवाय विंडोज सर्व्हरचा मूळ परवाना १६ कोरपुरता असतो, वरच्या कोरचे पैसे वेगळे. हार्डवेअरपेक्षा परवान्यातच जास्त पैसा जाईल.

सीपीयू ३५ टक्के आणि पावती २५ सेकंद, म्हणजे काम कुठंतरी थांबून राहतंय. कुठं, ते मोजा. बिलाच्या दिवशी वेट स्टॅट्स (एसक्यूएल कशासाठी किती थांबलं) आणि व्हर्च्युअल फाइल स्टॅट्सचे (कोणत्या फाइलला वाचा-लिहायला किती वेळ लागला) दोन स्नॅपशॉट घ्या, एक बिल सुरू करण्याआधी आणि दुसरा तासाभरानं, आणि फरक काढा. हे आकडे एसक्यूएल सुरू झाल्यापासूनचे साठलेले असतात, त्यामुळं एकट्या स्नॅपशॉटवरून काही कळत नाही. ‘राइटलॉग’ वर असेल तर लॉगची डिस्क अडतेय. ‘पेजआयओलॅच’ असेल तर रॅम कमी किंवा डेटाची डिस्क मंद. ‘एलसीके’नं सुरू होणारे वेट वर असतील तर ती लॉकची भांडणं आहेत (एकानं धरलेल्या नोंदीसाठी दुसरा थांबतो), ती नव्या मशीनवरही तशीच राहतील.

रेड ५ चा हिशोबही करून बघा. १० हजार आरपीएमची एक डिस्क सेकंदाला १४० च्या आसपास आयओ (वाचनं-लेखनं) देते, आठांचे झाले ११२०. रेड ५ मध्ये एक छोटं लिखाण म्हणजे दोन वाचनं आणि दोन लेखनं, म्हणून भागिले चार: २८०. एवढ्यात बिल, काटा, टेम्पडीबी आणि लॉग, सगळ्यांनी भागवायचं! कंट्रोलरची कॅशे हे झाकून ठेवते. म्हणून आजच रेड कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती बघा. बॅटरी मेली की कंट्रोलर आपोआप राइट-बॅक (कॅशेत आलं की झालं म्हणणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरल्यावरच झालं म्हणणं) जातो. कुणी ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक चालू ठेवा’ म्हणालं तर ऐकू नका. वीज गेली की डेटाबेसची पानं अर्धवट लिहिलेली राहतात.

काटाघर_लातूर
सर, बघितलं. बॅटरी ‘फेल्ड’ दाखवतेय, पॉलिसी राइट-थ्रू. चाचणी डेटाबेसवर बिल चालवून मोजलं: लॉग फाइलला एका लिखाणामागे सरासरी ३८ मिलिसेकंद. वेटमध्ये राइटलॉग पहिला, दुसरा एलसीके_एम_एस (वाचणारा लॉकसाठी थांबलेला).

रेड_दहा
म्हणजे दोन दुखणी आहेत, दोन्ही वेगळी. लॉग लिहायला चांगल्या एसएसडीवर १-२ मिलिसेकंद पुरतात, १५-२० च्या वर गेलं की त्रास ठरलेला. बॅटरी आधी बदला, स्वस्त काम आहे. पण तेवढ्यावर हंगाम काढू नका.

आठ बे (डिस्कचे खण) असे वाटा: २ एसएसडी रेड १ (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) विंडोजला, २ एसएसडी रेड १ फक्त लॉगला, ४ एसएसडी (९६० जीबीच्या) रेड १० (अशा प्रत-जोड्या एकत्र) डेटा आणि टेम्पडीबीला. वापरायला १.९२ टीबी मिळतात, तुमच्या वाढीला पाच वर्षं पुरतील. एसएसडी एंटरप्राइज दर्जाचीच घ्या, वीज गेल्यावर कॅशे रिकामी करायला कपॅसिटर असलेली. लॅपटॉपची एसएसडी सक्तीच्या (लगेच डिस्कवर उतरवायच्या) लिखाणाला मंदावते आणि झटक्यात वीज गेली तर लिहून झालं म्हणून सांगितलेलं हरवते. टिकाऊपणा बघताना रोज किती वेळा पूर्ण लिहिता येते तो आकडा बघा: १ असेल तर ९६० जीबीची डिस्क पाच वर्षांत साधारण १७५० टीबी झेलते. डेटासाठी ३ वाली घ्या, फरक फार नाही. बॅकप्लेन (डिस्क जिथं खोचतात ती पाटी) सॅस-साटाचा असेल तर त्या बेमध्ये एनव्हीएमई (वेगळ्या जोडणीची एसएसडी) चालणार नाही, आणि ट्रे सोबत मागवा.

रॅम: ४११० ला प्रत्येकी ६ मेमरी चॅनल असतात. ४ पट्ट्या म्हणजे प्रोसेसरमागे दोनच चॅनल चालू. १६ च्या आणखी ८ घेऊन १२ करा, १९२ जीबी होईल. आरडीआयएमएम आणि एलआरडीआयएमएम (रॅम पट्ट्यांचे दोन प्रकार) एकत्र चालत नाहीत, जुन्या पट्टीवरचा पार्ट नंबर बघूनच ऑर्डर द्या. एसक्यूएलची कमाल सर्व्हर मेमरी १६० जीबी ठेवा, बाकी विंडोज आणि बॅकअपला.

परभणी_डीबीए
वरचं सगळं पटतं, एक सोडून. मशीन २०१९ चं आहे. उत्पादकाचा सपोर्ट संपला असेल तर मदरबोर्ड गेल्यावर एसएसडी काय करणार? सपोर्ट वाढवून मिळतो का ते आधी लेखी घ्या, तुमच्या तालुक्याच्या पिनकोडसकट. ‘पुढच्या कामाच्या दिवशी’ असं लिहिलेलं असलं तरी कोणता पार्ट कुठल्या गोदामातून येणार ते विचारा. मिळत नसेल तर एका सॉकेटचं नवं मशीन घ्या: १६ कोर, बेस क्लॉक ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, ३२ जीबीच्या ८ पट्ट्या. परवाने आहेत तेवढ्याच १६ कोरचे पुरतात. जुनं मशीन लॉग शिपिंगला (लॉग बॅकअप सतत लावून ठेवलेली राखीव प्रत) ठेवा. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (परवान्यासोबतचा मायक्रोसॉफ्टचा सशुल्क करार) असेल तरच त्या निष्क्रिय प्रतीला वेगळा परवाना लागत नाही.

आता एलसीके. बिलाचा अहवाल वाचत असतो आणि काट्याच्या लिखाणाशी त्याची गाठ पडते. ‘रीड कमिटेड स्नॅपशॉट’ चालू करा, वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही. बदललेल्या ओळींच्या आधीच्या प्रती टेम्पडीबीत ठेवल्या जातात, म्हणून टेम्पडीबी एसएसडीवर आल्यावरच चालू करा आणि सारख्या आकाराच्या ८ फाइल ठेवा. तो बदल करताना डेटाबेसवर दुसरं कुणी जोडलेलं नको, नाहीतर आज्ञा अडकून बसते.

आणि एक विचारतो: ४८० जीबीत ७/१२ आणि बँक पासबुकांच्या स्कॅन प्रती किती? त्या टेबलातच भरल्या असतील तर आधी त्या फाइल सर्व्हरवर हलवा. आकडेवारी फार तर शे-दीडशे जीबी निघेल, बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही हलके होतील.

काटाघर_लातूर
भाऊ, बरोबर बोललात. स्कॅनच ३१० जीबी आहेत. सपोर्ट विचारला, एकच वर्ष वाढवून देतायत. या हंगामाला एसएसडी-रॅम आणि पुढच्या वर्षी एका सॉकेटचं मशीन, असं ठरवतोय. कटओव्हर (जुन्या डिस्कवरून नव्यांवर जाणं) कसा करू? डिस्क काढल्याशिवाय एसएसडी बसणार नाहीत.

परभणी_डीबीए
हंगाम बंद असल्यानं एक रविवार पुरेल. क्रम असा. आठवडाभर आधी पूर्ण बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून चेकडीबी (डेटाबेस धड आहे का ते तपासणारी आज्ञा) चालवा, रिस्टोअर न करता बॅकअपवर भरवसा नको. १ गिगाबिट नेटवर्कवर ४८० जीबीला सव्वा तास धरा, कॉम्प्रेशन चालू केलं तर कमी. मास्टर आणि एमएसडीबी या एसक्यूएलच्या स्वतःच्या डेटाबेसचा बॅकअप विसरू नका. लॉगिन, एजंटचे जॉब, लिंक्ड सर्व्हर तिथंच असतात, लॉगिन राहिले तर सकाळी काट्यावरचा एकही पीसी जोडला जाणार नाही.

रविवारी सगळे पीसी बंद, शेवटचा लॉग बॅकअप ‘नोरिकव्हरी’नं (त्यानंतर डेटाबेसवर काही लिहिलं जात नाही), मग डिस्क काढा. काढताना प्रत्येकीवर बेचा क्रमांक लिहा आणि आठही तशाच जपून ठेवा, काही बिघडलं तर परत लावता येतील. परत लावल्यावर कंट्रोलरला ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कवरची जुनी रेडची मांडणी) दिसेल, ते इम्पोर्ट करायचं असतं, क्लिअर नाही. क्लिअर दाबलंत तर परतीचा रस्ता बंद. नव्या अ‍ॅरेवर डेटाचं फॉरमॅट ६४ केबी अ‍ॅलोकेशननं. बायोस आणि विंडोज दोन्हीकडं पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’, अँटिव्हायरसमधून एमडीएफ-एलडीएफ (डेटा आणि लॉगच्या फाइल) वगळा. रिस्टोअर करण्याआधी डिस्कएसपीडी (डिस्कवर ताण देऊन बघणारं साधन) तासभर चालवा, खराब एसएसडी तेव्हाच सापडलेली बरी.

रेड_दहा
दोन्ही पॉवर सप्लाय एकाच यूपीएसवर लावू नका, दोन यूपीएस, दोन फीडर. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मीटरनं मोजा, ३ व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा भिजवा आणि जोड तपासा. आणि खोलीची दारं-खिडक्या नीट बुजवा. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा हीटसिंकमध्ये बसला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर लवकरच.