मदत हवी आहे: गोवा क्रूझवरून विजयदुर्ग दिसतो का? डावी बाजू की उजवी? (उद्या दुपारपर्यंत ठरवायचंय)

चिपळूणकरीण
नमस्कार. पुढच्या शुक्रवारी क्रूझवर जातोय. मी, नवरा, दोन मुलं आणि सासरे. बुकिंग झालंय. आता एजंट म्हणतो, खोली बदलायची तर उद्या दुपारपर्यंत सांगा, नंतर होणार नाही. सासऱ्यांना समुद्रातून विजयदुर्ग बघायचाय, बाकी कशात रस नाही. डाव्या बाजूची खोली घ्यावी की उजव्या? आणि एक अख्खा दिवस नुसता समुद्रात आहे. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसाने करायचं काय? लवकर सांगा प्लीज. 'गूगल कर' म्हणू नका, केलंय.

गंपू
डावी. मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा डाव्या हाताला. यात विचारायचं काय?

मांडवीभक्त
क्रूझच्या भानगडीत पडताच कशाला? मांडवी एक्स्प्रेसची खिडकी पकडा. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा पूल, आणि दर दहा मिनिटांनी कटलेट नाहीतर भजी समोर. निम्म्याहून कमी पैशात गोवा.

चिपळूणकरीण
दादा, मी चिपळूणला राहते. मांडवी रोज ऐकू येते. क्रूझबद्दल विचारलंय.

निवृत्त_दर्यावर्दी
वहिनी, अर्धंच सांगितलंत. बोट कुठून कुठे? किती वाजता सुटते? समुद्रातला दिवस जाताना आहे की येताना? आणि सध्याच्या खोलीला खिडकी आहे का? हे कळल्याशिवाय डावी-उजवी सांगणं म्हणजे अंदाजपंचे.

चिपळूणकरीण
मुंबई-गोवा-मुंबई. शुक्रवारी संध्याकाळी निघते, शनिवारी सकाळी गोवा, रात्री दहाला गोव्याहून सुटते. रविवार पूर्ण समुद्रात, सोमवारी सकाळी मुंबई. खोली आतली आहे, खिडकी नाही. समुद्राकडची घेतली तर माणशी बरेच वाढतात, म्हणून तर विचारतेय.

गंपू
आतल्या खोलीला कसली आलीय डावी-उजवी! दोन्हीकडे भिंतच.

निवृत्त_दर्यावर्दी
आता सांगता येईल. शुक्रवारी संध्याकाळी सुटलेली बोट विजयदुर्गासमोरून पहाटे दोन-तीनच्या सुमारास जाणार. डाव्या खिडकीत नाक लावून बसलात तरी काळोखच. त्यामुळे गंपूची डावी बाद.

येताना तोंड उत्तरेला, म्हणजे किनारा उजव्या हाताला. गोवा-मुंबई समुद्रमार्गे सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. नेहमीच्या वेगाने आली तर रविवारी दुपारीच मुंबई गाठेल. पण तिला पोचायचंय सोमवारी सकाळी, म्हणजे मधे वेळ काढणार. एक तर ८-१० नॉटने (तासाला तेवढे सागरी मैल) रमतगमत येईल, नाहीतर खोल समुद्रात जाऊन फेरी मारून येईल. रमतगमत आली तर विजयदुर्ग सकाळी सहा-सातच्या सुमाराला येतो, कारण गोव्यापासून तो ७०-८० मैलांवर. बाहेर गेली तर किनारा विसरा.

आता खरी गोम. या बोटी किनाऱ्याला चिकटून जात नाहीत. आपल्याकडच्या मासेमारीच्या होड्या आणि जाळी टाळायला १५-२० मैल बाहेरून जातात. १५ सागरी मैल म्हणजे २८ किलोमीटर. सगळ्यात वरचा डेक पाण्यापासून ३५ मीटरवर धरा, तिथून क्षितिज जेमतेम २१ किलोमीटरवर असतं. किल्ला उंचावर आहे म्हणून माथा क्षितिजावर डोकावेल, पण चांगल्या दुर्बिणीतूनही एक काळपट रेघ दिसेल, इतकंच. त्यात सूर्य सह्याद्रीमागून वर येतो, थेट तुमच्या डोळ्यांत. सकाळी किनारा नुसता धुरकट. तट-बुरूज मोजायचे तर ऊन पश्चिमेकडून हवं, आणि दुपारपर्यंत तुम्ही रत्नागिरीच्या पुढे गेलेले असणार.

देवगडचा_कलमवाला
पटत नाही. आमचे आजोबा बोटीने मुंबईला जायचे. विजयदुर्गाचा तट न् तट दिसायचा म्हणायचे. किल्ल्यावरची माणसंसुद्धा दिसायची.

निवृत्त_दर्यावर्दी
अहो, ती बोट विजयदुर्ग बंदरात शिरायची! किल्ल्याला वळसा घालूनच आत जायची. पडाव (किनाऱ्यावरून बोटीपर्यंत नेणाऱ्या होड्या) यायचे, माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या चढायच्या. ही बोट तिथे थांबत नाही. तुलना कशी करता?

आजोळ_वेंगुर्ले
पडावाची काय आठवण काढलीत! 'कोकण सेवक' आठवतेय. आई मला पदरात गुंडाळून पडावातून शिडीवर चढायची. लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा, चुकला की गेलात. डेकवर सतरंजी पसरून झोपायचं, शेजारी कुणाची तरी कोंबडी बांधलेली. त्याला कुणी क्रूझ म्हणत नव्हतं.

बंदरवाला
बोटींचा विषय निघालाच आहे तर 'रामदास' विसरू नका. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरात पावसाळ्यात कुणी पाण्यावर पाय ठेवत नाही.

गंपू
काका, त्या ताई सासऱ्यांना घेऊन चालल्यात आणि तुम्ही रामदास काढता?

बंदरवाला
इतिहास आहे. माहीत असावा.

चिपळूणकरीण
मुलांना हा धागा दाखवणार होते, आता राहू दे. बरं, उजवी म्हणताय, पण खिडकीसाठी पैसे घालावेत की नाही? त्यांनी नुसतं खोलीतून बघितलं तरी चालेल, चालणं फार होत नाही.

डॉ_मानसी
हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं :) वय किती? बोट लागते का त्यांना? कुठली औषधं चालू आहेत?

चिपळूणकरीण
७९. बीपीची गोळी आणि एक प्रोस्टेटची. बोट लागायची पूर्वी, असं सासूबाई सांगायच्या. ते स्वतः 'छट्' म्हणतात.

मांडवीभक्त
काही नाही हो, अ‍ॅव्होमिन द्यायची निघायच्या आधी. आमच्याकडे घाटात सगळ्यांना देतो.

डॉ_मानसी
सगळ्यांना देऊ नका. त्या गोळीने गुंगी येते, आणि प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वयस्क पुरुषाला लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरीही जपून. हलत्या बोटीत गुंगीत बाथरूमचा उंबरा ओलांडताना पडले तर क्रूझ राहिली बाजूला. त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. बाकी रिकाम्या पोटी ठेवू नका, तेलकट देऊ नका, मळमळलं तर मोकळ्या हवेत नेऊन क्षितिजाकडे बघायला सांगा. कान सांगतो हलतोय, डोळे सांगतात स्थिर आहोत, त्या भांडणातून मळमळ होते. क्षितिज बघितलं की दोघांचं एकमत होतं.

आजोळ_वेंगुर्ले
आल्याची वडी. बस्स. बाकी सगळी थेरं.

डॉ_मानसी
आलं घ्या ना, कोण नको म्हणतंय. त्यात साखर किती घालता तेवढं बघा.

सागरकन्या
मी हीच मुंबई-गोवा केलीय, म्हणून अनुभव सांगते. खिडकीची काच पक्की बंद असते आणि बाहेरून खाऱ्या पाण्याचे डाग. दुर्बीण लावली तर आधी डागच दिसतात. खोलीचे पैसे वाचवा. आतली खोली मधोमध, खालच्या मजल्यावर मिळाली तर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यात कमी.

रविवारचं म्हणाल तर सकाळी लवकर डेकवर कुणी नसतं. आदल्या रात्री सगळे जागलेले असतात. दहाच्या पुढे तलावाशी डीजे सुरू होतो, तेव्हा आजोबांना तिथून हलवा. लिफ्टला जेवणाच्या वेळी मरणाची गर्दी, म्हणून जेवायला एक तर लवकर जा नाहीतर उशिरा. बोट उत्तरेला चाललेली असते, म्हणजे दुपारनंतर ऊन डाव्या बाजूला आणि उजव्या डेकवर सावली. तिथे एक खुर्ची धरून ठेवा. माझ्या वडिलांनी अख्खी दुपार तशीच काढली, आणि ट्रॉलर दिसला की तो रत्नागिरीचा की हर्णैचा यावर शेजारच्या काकांशी वाद. मी पुस्तक नेलं होतं, चार पानं झाली नाहीत. फोनला रेंज नाही हे पोरांना पटायला मात्र अर्धा दिवस गेला.

आणि हो, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. बोटीचं स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क फोनने पकडलं की रोमिंगचं बिल बघून बोट न लागताच चक्कर येते.

गंपू
घरचं खायला नेऊ देतात?

सागरकन्या
नाही. आमचे बेसनाचे लाडू चढतानाच काढून घेतले. आणि समुद्रात असून ताटात बासा! बांगडा मिळेल या आशेवर जाऊ नका.

निवृत्त_दर्यावर्दी
सागरकन्या बरोबर सांगतात, उजव्या डेकवरची दुपारची सावली हीच खरी जागा. बोट फार बाहेर नसेल तर उन्हं उतरताना श्रीवर्धनच्या बाजूचा किनारा आणि मागे सह्याद्रीची निळी कड दिसून जाईल.

आजोबांसाठी आणखी एक. शुक्रवारी संध्याकाळी बोट सुटली की खाली खोलीत जाऊ नका. बंदराबाहेर पडताना प्राँग्जचं दीपगृह, आणि पुढे डाव्या हाताला खांदेरी. १६७९ मध्ये महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधलेला. उजेड असेल तर किल्ला, नसेल तर त्यावरचं कान्होजी आंग्रे दीपगृह. मुलांना सांगा, दोन उजेडांमधले सेकंद मोजा. प्रत्येक दीपगृहाची चमकायची पद्धत वेगळी असते, त्यावरून तर आम्ही रात्री ओळखायचो कुठे आलोय ते.

गंपू
म्हणजे डावी बरोबर होती. नोंद घ्यावी.

देवगडचा_कलमवाला
वहिनी, सासऱ्यांचं गाव कुठलं?

चिपळूणकरीण
गिर्ये.

देवगडचा_कलमवाला
मग एवढा आटापिटा कशाला! गिर्ये म्हणजे विजयदुर्गाला खेटून. गावी जा, जेटीवर होडीवाल्याला गाठा, शांत समुद्र बघून किल्ल्याला बाहेरून वळसा मारायला सांगा. पाण्यातून चढलेला तट हात लावण्याइतका जवळ. दुपारी चारनंतर जा, ऊन तटावर असतं. हे क्रूझवरून सात जन्मांत दिसणार नाही.

मांडवीभक्त
आणि राजापूर किंवा वैभववाडीपर्यंत रेल्वेने या.

चिपळूणकरीण
सासऱ्यांना वाचून दाखवलं. 'होडीतून तर लहानपणी रोज बघितलाय, मला बोटीतून बघायचाय' म्हणाले. बंदरात शिरत नाही हेही सांगितलं, तर 'रेघ तर रेघ' म्हणाले. शेजारच्यांकडून दुर्बीण आणायला नवऱ्याला पिटाळलंय. एजंटला सांगितलं, आतलीच राहू दे पण मधोमधची, खालची दे. पैसे वाचले. डॉक्टरांची वेळ बुधवारची मिळाली. सगळ्यांचे आभार, रामदासवाल्या काकांचेसुद्धा.

एक राहिलं. सासऱ्यांना रोज कडक इस्त्रीचा सदरा लागतो. आमची छोटी इस्त्री नेली तर चालेल?

सागरकन्या
नाही चालत. आगीच्या भीतीने खोलीत इस्त्री ठेवू देत नाहीत, सामान तपासतानाच काढून ठेवतात. बोटीवर लाँड्री असते, तिथे करून मिळते, पण दर विचारून द्या.

मांडवीभक्त
मांडवीत इस्त्री लागतच नाही.