मदत हवी आहे: अंतर्गत सुरक्षेवरचा पेपर, २८ पानं आणि दहा मिनिटं

नमस्कार मंडळी,

मी निपाणीचा, बेळगावात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. चर्चासत्रासाठी 'होमलँड सिक्युरिटी' हा विषय गळ्यात पडलाय. पेपर इंग्रजीत, सादरीकरणाला दहा मिनिटं, तेही पुढच्याच शनिवारी.

लिहून झालंय २८ पानं. ११ सप्टेंबर २००१ पासून सुरुवात, मग अमेरिकेचा २००२ चा कायदा, २२ संस्था एका छपराखाली आणून उभं केलेलं 'होमलँड सिक्युरिटी'चं नवं खातं. पुढे २६/११, एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था), मुंबई-चेन्नई-हैदराबाद-कोलकात्याचे एनएसजी कमांडोंचे तळ... सरांनी चाळलं आणि पहिल्या पानावर लाल शाईनं एवढंच लिहिलं, "यात तुझा प्रश्न कुठाय?"

दोन रात्री झोप नाही. रूममेट विचारतो, "काय करूलालास रे एवढं?" काय सांगू, कापूलालोय!

मनात एक आहे. मामा कागलच्या एमआयडीसीत कामाला. २०२१ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर कोविडचा आरटीपीसीआर रिपोर्ट बघून गाड्या परत पाठवायचे तेव्हा मामाची रोजची ये-जा बंद पडली होती. हे पेपरात घेता येईल का? की सगळे हसतील? आणि शीर्षकात 'होमलँड' ठेवू की 'अंतर्गत सुरक्षा'?

— निपाणीकर

खानापूरवाली ताई:
हसत नाही कोण. उलट तुझा प्रश्न तिथंच उभा आहे: नाक्यावर गाडी अडवायचा हुकूम कुणाचा? दिल्लीचा की बेंगळुरूचा? आपल्याकडे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत, म्हणजे राज्यांकडे, पण केंद्राच्या गृह मंत्रालयाच्या हातात २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. कोविडच्या टाळेबंदीचे केंद्राचे आदेश त्याच कायद्याखाली निघाले. अमेरिकेत आपत्तीवाली फेमा ही संस्थासुद्धा त्याच नव्या खात्यात घातली. एवढी तुलना पुरे, २६/११ चा अख्खा इतिहास काढून टाक. जीव तुटेल, पण काढ.

शीर्षकात 'अंतर्गत सुरक्षा'च ठेव. 'होमलँड' हा तिकडचा शब्द, तो का घेतला नाहीस हे एका वाक्यात सांग.

एनआयए ठेवायचीच असेल तर एकाच कारणासाठी: छत्तीसगडनं जानेवारी २०२० मध्ये एनआयएच्या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं, राज्यघटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे केंद्र-राज्य किंवा राज्या-राज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात न्यायचं कलम. तेच १३१, ज्याखाली महाराष्ट्रानं २००४ मध्ये आपल्या सीमाप्रश्नाचा दावा टाकलाय. बेळगावच्या सभागृहात हे वाक्य म्हणालास की मागच्या रांगेतले पण मोबाईल खाली ठेवतील. मात्र तिथंच थांब, सीमाप्रश्नात शिरलास तर दहा मिनिटं संपलीच म्हणून समज.

जुना प्राध्यापक:
ताईंशी सहमत. मामांची हकीकत पुरावा म्हणून नको, सुरुवात म्हणून दोन वाक्यांत घ्या. पुरावा म्हणजे त्या वेळचा शासकीय आदेश. तो मिळवा, तारीख आणि कलम त्यातूनच उचला. स्लाइड पाचाच्या वर नकोत, आणि कागद बघून वाचू नका. आरशासमोर नको, मोबाईलवर रेकॉर्ड करा. पहिल्या वेळी सोळा मिनिटं भरतील.

निपाणीकर:
सर, सतरा भरली! पण ताई, २८ ची ११ पानं झाली. सरांना दाखवली. लाल पेन खिशातच राहिला, फक्त विचारलं, "आदेश कन्नडमध्ये आहे, इंग्रजी कोण करणार?" आता तेवढी कन्नड येणारा कोणी आहे का इथं?