पाणी गोडे झाले म्हणून चिलिका सरोवर आजारी कसे पडले?

तापीकाठचा_मास्तर (अमळनेर)

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. मागच्या जानेवारीत आमच्या गल्लीतील दहा-बारा मंडळी पुरीला गेली, त्यांच्यासोबत मीही गेलो. दर्शन झाल्यावर सातपाड्याहून नावेने चिलिका सरोवरात फिरलो. डॉल्फिनची पाठ दोन वेळा ओझरती दिसली. उरलेला सगळा वेळ मी नावाड्याशी बोलण्यात घालवला. पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ मोडक्या हिंदीत सांगत होता, की त्याच्या तरुणपणी सरोवराचे पाणी गोडे होत गेले, जाळ्यात मासळी येईनाशी झाली आणि गावातील कित्येक पोरे मजुरीसाठी परराज्यांत निघून गेली. पुढे सरकारने समुद्राकडे नवे तोंड पाडले तेव्हा पाणी पुन्हा खारे झाले आणि घरात चूल पेटू लागली.

हे ऐकून मी चक्रावलो, कारण आपल्याकडचे संकट नेमके उलटे असते. पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात अकोला-बुलडाण्याकडे खारपाणपट्टा आहे. तिकडचे पाहुणे आमच्याकडे आले की आधी तांब्याभर पाणी पितात आणि मग चहाचे विचारा म्हणतात. विहिरीला खारे पाणी लागले म्हणजे खोदाईचा पैसा मातीत गेला, हेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वर्गात मीही इतकी वर्षे ‘चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खारकच्छ होय’ एवढे एक वाक्य शिकवले आणि पुढच्या धड्याकडे वळलो, याची आता थोडी लाज वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. गोडे पाणी सरोवराला मारक कसे ठरले? समुद्राकडचे तोंड निसर्गाने बुजवले की माणसाने? आणि नवे तोंड पाडल्यावर दुखणे खरोखर बरे झाले का?

गाळपेर (भुसावळ)

मास्तर, मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली असल्यामुळे पाण्याच्या अंगाने सांगतो. मासळीचे मला फारसे कळत नाही.

चिलिका पुरी, खुर्दा आणि गंजम या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. लांबी सुमारे ६४ किलोमीटर, म्हणजे तुमच्या अमळनेरहून जळगाव गाठण्यापेक्षा थोडी जास्तच. पावसाळ्यात त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर होते आणि उन्हाळ्यात ९०० च्या आसपास उतरते. एवढा विस्तार असूनही ते फार उथळ आहे. बऱ्याच भागात दोन पुरुष पाणीसुद्धा नाही. मुळात तो समुद्राचाच एक उपसागर होता. किनाऱ्यालगत वाहत येणाऱ्या वाळूने काही हजार वर्षांत त्याच्या तोंडावर लांबलचक दांडा घातला आणि आतले पाणी समुद्रापासून जवळजवळ तुटले. ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण उरलेल्या अरुंद तोंडावर सरोवराचे सगळे आयुष्य अवलंबून असते.

उत्तरेकडून महानदीचे फाटे, दया आणि भार्गवी हे त्यांतले प्रमुख, सरोवरात गोडे पाणी व गाळ आणतात. पश्चिमेच्या डोंगरांतूनही पुष्कळ ओढे उतरतात. दुसरीकडून भरतीचे खारे पाणी आत शिरते. त्यामुळे उत्तर भाग पावसाळ्यात गोडा, दक्षिण भाग बऱ्यापैकी खारा आणि मधला भाग ऋतूप्रमाणे बदलणारा, अशी तिथली रचना आहे. ओहोटीच्या जोराने जाणारे पाणी तोंडातील गाळ आणि वाळू बाहेर ढकलते. तो जोर कमी झाला की तोंड बुजू लागते आणि तोंड बुजू लागले की जोर आणखी कमी होतो.

तोंड कोणी बुजवले, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा प्रचंड वाळू उत्तरेकडे ढकलत असतात, त्यामुळे तोंड हळूहळू ईशान्येस सरकत गेले आणि सरोवर ते समुद्र हा बाह्य प्रवाहमार्ग लांबत गेला. आपल्याकडे कालव्याच्या टेलवरच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचे जे होते, तेच इथे सरोवराचे झाले: भरतीचे पाणी निघाले खरे, पण लांबच्या वळणावळणाच्या चारीतून सरोवरापर्यंत पोहोचेतो त्यात दम उरला नाही. सरोवराच्या गळ्याशी असलेली मगरमुख नावाची वाटही गाळाने भरत गेली. इथवर निसर्ग. मात्र पाणलोटातील जंगलतोड आणि नांगरलेले उतार यांमुळे वरून येणारा गाळ वाढला आणि महानदीवर हिराकूडपासून जी बांधकामे झाली त्यांनी पाण्याची वेळ व गती बदलली. हा भाग माणसाचा.

नवे तोंड कोठे पाडावे, याचा अभ्यास आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात झाला होता, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असते. त्यानुसार २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडाजवळ वाळूचा दांडा कापण्यात आला आणि बाह्य मार्ग सुमारे १८ किलोमीटरनी कमी झाला. थोडक्यात, टेलचे शेत हेडजवळ, म्हणजे कालव्याच्या मुखाशी, आणून ठेवले.

माहेर_मालवण (धुळे)

सर, माझे माहेर कोकणातले आणि सासर धुळ्याचे, म्हणून आधी एका शब्दाबद्दल. पुष्कळ पुस्तकांत चिलिकाला ‘खाजण सरोवर’ म्हटलेले असते. आमच्याकडे खाजण म्हणजे खाडीकाठची भरतीच्या पाण्याखाली येणारी खारवट, चिखलाची जमीन. बांध घालून तिथे भातही पिकवतात. चिलिकासाठी तुम्ही वापरलेला ‘खारकच्छ’ हाच शब्द बरा.

आता तुमचा पहिला प्रश्न. सरोवर पिण्याच्या पाण्यासाठी नसते. त्याचे मूल्य त्यातील मिश्रणात असते. जिताडा, बोय, कोळंबी, चिंबोरी यांपैकी बऱ्याच जिवांचे अर्धे आयुष्य सरोवरात आणि अर्धे समुद्रात जाते. कोळंबी समुद्रात अंडी घालते, तिची पिल्ले भरतीबरोबर आत येऊन उथळ, निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि मोठी झाली की परत बाहेर निघतात. बोयही अंडी घालायला समुद्राकडेच जातो. तोंड आक्रसले म्हणजे या सगळ्यांचा जाण्या-येण्याचा रस्ता बंद झाला. नावाड्याला पाण्याची चव बदललेली जाणवली; त्याच्या जाळ्यावर घाव घातला तो मात्र अडलेल्या वाटेने.

दुसरे म्हणजे, खारेपणा उतरला की गोड्या पाण्यातील वनस्पती माजतात. उत्तर भागात जलपर्णी आणि उंच वेत-बोरूसारखे गवत पसरत गेले. अशा दाट वाढीत गाळ अडकतो, तळ वर येतो आणि त्या वर आलेल्या तळावर पुन्हा गवतच वाढते. मोकळे पाणी घटले म्हणजे बदकांनाही जागा उरत नाही. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून लाखो पक्षी येतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब अशी त्यांची मोठी यादी आहे आणि त्यांचा मुख्य मुक्काम नलबन बेटावर असतो, जे पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात उघडे पडते.

आकड्यांत सांगायचे तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरोवरातील वर्षाची मासळी दोन हजार टनांच्याही खाली गेली होती. नवे तोंड उघडल्यावर दुसऱ्याच वर्षी ती अकरा हजार टनांच्या वर गेली. चिलिका १९८१ मध्येच पाणथळींच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत आले होते. १९९३ मध्ये त्याची नोंद धोक्यातील पाणथळींच्या वेगळ्या यादीत, ‘मोंत्रो नोंदी’त, करावी लागली आणि २००२ मध्ये ते तिच्यातून बाहेर पडले. आशियात असे पहिल्यांदाच घडले होते.

कोरडवाहू (शिरपूर)

वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत, तरी ती वाचून असा समज होईल की दुखणे वाळूचे होते आणि औषध पोकलेनचे. मला हे अपुरे वाटते. १९८० च्या दशकात कोळंबीला परदेशी बाजारात भाव आला आणि चिलिकाच्या पाण्यावर कुंपणे पडू लागली. बांबू, जाळी आणि मातीचे बांध घालून केलेल्या या कोंडवाड्यांना तिथे ‘घेरी’ म्हणतात. घेरीने पाण्याचा प्रवाह अडतो, पिल्लांची वाट अडते, आणि ज्या उथळ पाण्यात पिढ्यानपिढ्या केउट, कंडरा यांसारख्या मच्छीमार जाती जाळे टाकत आल्या ते पाणी एखाद्या भांडवलवाल्याचे होऊन बसते. सरोवरावर पोट असलेली माणसे दोन लाखांच्या घरात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे भांडण किती मोठे होते ते कळेल.

१९९० च्या सुरुवातीला एका मोठ्या उद्योगसमूहाचा कोळंबी-प्रकल्प तिथे येऊ घातला होता. ‘चिलिका बचाओ आंदोलना’मुळे तो मागे घ्यावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ च्या निकालात चिलिका आणि पुलिकत या दोन्ही सरोवरांपासून हजार मीटरच्या आत व्यापारी कोळंबीसंवर्धन करू नये असे स्पष्ट बजावले. तरीही घेरी उभ्याच राहिल्या. २९ मे १९९९ ला, मच्छीमारांनी स्वतःच काही घेरी मोडल्यानंतर, सोरान गावात पोलिसांच्या गोळीबारात चार जणांचा जीव गेला. नवे तोंड त्यानंतर सव्वा वर्षाने पाडले गेले. म्हणून ‘२००० मध्ये तोंड पाडले आणि सरोवर बरे झाले’ या वाक्याच्या मागे ही चार माणसे आहेत, ती वगळू नयेत. घेरी हटवण्याच्या मोहिमा त्यानंतरही पुन्हा पुन्हा कराव्या लागल्या आहेत.

गाळपेर (भुसावळ)

कोरडवाहू, तुमचा आक्षेप मान्य. मी पाण्याच्या अंगाने सांगतो म्हणालो होतो, त्यामुळे माणसे माझ्या उत्तरातून निसटली.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. आमच्या हतनूरच्या जलाशयातही गाळाचे दुखणे आहे. तापी-पूर्णा संगमाच्या खाली हे धरण असल्याने पूर्णेची काळी माती थेट जलाशयात उतरते. एक्केचाळीस दरवाजे असूनही बसलेला गाळ काही निघून जात नाही. थंडीत तिथेही बदके येतात आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक पेरणी करतात. माझे इथले नाव त्यावरूनच घेतलेले आहे. परंतु धरणाला रोज दोन वेळा येऊन धुऊन काढणारी भरती-ओहोटी नसते. चिलिकाला ती होती, आणि तीच अडवली गेली.

तापीकाठचा_मास्तर (अमळनेर)

सर्वांचे आभार. ‘मिश्रण’ हा शब्द ताईंनी दिला आणि माझा गुंता सुटला. खारेपणाकडे मी केवळ दोष म्हणून पाहत होतो.

दया नदीचे नाव आले म्हणून एक भर घालतो. भुवनेश्वरजवळ धौलीला तिच्याच काठी अशोकाचा शिलालेख आम्ही पाहिला, पण हेच पाणी पुढे चिलिकात जाते याचा त्या वेळी कोणीच विचार केला नाही. परत आल्यावर मी जे वाचले त्यात सरोवराच्या बाह्य मार्गाजवळ माणिकपाटणा येथे उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाल्याचे आढळले. म्हणजे कधीकाळी दूरदेशींची जहाजे इथवर येत असली पाहिजेत. दक्षिण टोकाचे पालूर हेच प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेले ‘पलूरा’ बंदर, असेही पुष्कळ अभ्यासक मानतात. गाळपेर यांचे म्हणणे धरले, तर या बंदरांची भरभराट आणि ओहोट हीसुद्धा तोंडाच्या सरकण्याशी जोडलेली असणार असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, तो तेवढाच समजावा.

आता शेवटचा प्रश्न. नावाड्याने लांबवर फेसाची पांढरी रेघ दाखवून ‘तेच ते नवे तोंड’ असे सांगितले होते. मी त्याचा फोटो काढून शाळेच्या भिंतीवर लावायला दिला आहे. त्याखाली ‘२००० साली पाडलेले मुख’ असे लिहिले तर बरोबर ठरेल का?

गाळपेर (भुसावळ)

नका लिहू. तिथली वाळू अजूनही उत्तरेकडेच चालली आहे, त्यामुळे कापलेले तोंडही स्थिर राहिले नाही. तेही सरकत गेले आणि २००८ मध्ये दांड्यात दुसऱ्या ठिकाणी निसर्गतःच एक तोंड उघडले. ३ मे २०१९ ला फनी चक्रीवादळ पुरीजवळ आदळले, तेव्हा दांडा आणखी काही जागी फुटला. तुम्ही पाहिलेली रेघ यांपैकी कोणत्या तोंडाची, हे फोटोवरून सांगता येणार नाही. खाली ‘चिलिकाचे समुद्राकडील मुख’ एवढे लिहा, आणि फोटो कोणत्या महिन्यात काढला ते आवर्जून घाला.