बेस गिटारचा ‘टोन’ : बोदा, घुमणारा, बद्द आणि जवारीदार

प्रश्न

बेस गिटार वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘टोन’ हा शब्द वारंवार येतो. ‘टोन छान आहे’, ‘टोन जाड हवा’, ‘या अँपवर (म्हणजे ध्वनिवर्धकावर) टोन बसत नाही’ असे प्रयोग ऐकू येतात. त्यासाठी मराठीत ‘सूर’ किंवा ‘स्वर’ म्हणता येईल का? तसेच तारांची उंची, दांडीचा बाक इत्यादी जुळवून घेण्याला, म्हणजे ज्याला ‘सेटअप’ म्हणतात त्याला, ‘जवारी काढणे’ म्हटलेले चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

‘सूर’ आणि ‘स्वर’ हे दोन्ही शब्द येथे टाळावेत, कारण त्यांतून प्रथम उंचनीचपणाचा बोध होतो. आपल्या संगीतशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात (म्हणजे एकाच उंचीचे दोन नाद वेगळे ओळखू येण्याचा गुण) असे तीन गुण सांगितलेले असतात. बेस गिटारची सर्वांत खालची तार, चार तारांच्या नेहमीच्या वाद्यावर, सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. वाद्य स्वस्त असो वा महाग, हा आकडा तोच राहतो. बदलते ती नादाची जात, आणि वादक ‘टोन’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हीच अभिप्रेत असते. वाद्यावरच्या ‘टोन’ नावाच्या बटणाचे काम मात्र याहून मर्यादित आहे. नेहमीच्या, बॅटरी नसलेल्या वाद्यावर ते केवळ वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे अधिक उंच सूक्ष्म स्वर, कमी करते. म्हणून ‘टोन कमी करा’ आणि ‘टोन सुधारा’ या दोन वाक्यांत ‘टोन’ एकाच अर्थाने आलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. बोलण्यात ‘टोन’ राहू द्यावा. तो रुळला आहे.

माझ्या मते नामापेक्षा विशेषणांची चर्चा अधिक उपयोगाची आहे. ‘चांगला टोन हवा’ असे म्हणून दुकानात गेलेल्या माणसाला नवे यंत्र विकले जाते. नेमके काय खटकते ते सांगणाऱ्याचे काम पुष्कळदा तारांच्या एका संचात भागते. ‘जाड’ ऐवजी मी ‘भरीव’ म्हणेन, आणि दोषांसाठी तर मराठीत फार नेमके शब्द आहेत.

आवाज ‘बोदा’ असेल, म्हणजे त्याला धार नसेल, तर प्रथम तारा पाहाव्यात. गोल वेढ्यांच्या तारांच्या खाचांत घाम आणि मळ साचला की वरचे उपस्वर लवकर विझतात. अर्थात बोदेपणा हा प्रत्येक वेळी दोष ठरत नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी जेम्स जेमरसन यांनी वाजवलेला बेस चपट्या वेढ्यांच्या, क्वचितच बदललेल्या तारांवरचा होता, आणि त्या गाण्यांत तोच शोभतो. त्याला बोदा न म्हणता गोल म्हणावे.

आवाज ‘घुमत’ असेल, काही स्वर खोलीभर फुगत असतील आणि शेजारचे दबत असतील, तर वाद्याला दोष देण्याआधी स्पीकरची पेटी कोपऱ्यातून बाहेर काढावी. भिंती आणि कोपरा खर्जाला बळ देतात. अशा वेळी अँपवरचा खर्ज वाढवणे हा उलटा उपाय होय, आणि नवे अँप घेणे हा त्याहून महागडा उलटा उपाय.

‘पोकळ’ आवाजाची तक्रार दोन पिकअपच्या (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांच्या) वाद्यांवर येते. १९६० साली आलेल्या फेंडर जॅझ बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मधल्या पट्टीतील काही उपस्वर एकमेकांना छेद देतात. एक पिकअप किंचित कमी करताच आवाज भरतो. १९५७ पासून दुभागलेला एकच पिकअप असलेल्या प्रिसिजन बेसवर हा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून पहिले वाद्य घेणाऱ्याला मी तेच सुचवेन.

आता जवारी. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला अलगद चाटत राहते, आणि त्या स्पर्शातूनच उपस्वरांचा झोत निर्माण होतो. बेसच्या सेटअपमध्ये हेतू नेमका उलट असतो : कंप पावणारी तार पडद्यांना, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, लागू नये. त्यासाठी दांडीच्या आतली सळई फिरवून दांडीला अगदी अल्प बाक ठेवतात, सतराव्या पडद्यापाशी तार साधारण २ ते २.५ मिलिमीटर उंच ठेवतात आणि त्यानंतरच घोडीवर तारेची लांबी जुळवतात. पावसाळ्यात लाकूड दमट झाले की बाक बदलतो. कोकणात राहणाऱ्यांनी तो ऋतुमानाप्रमाणे तपासावा. या साऱ्याला ‘वाद्य लावून घेणे’ म्हणावे, तर ‘जुळवणी’ हा शब्दही चालेल. तार पडद्यावर आपटून येणाऱ्या आवाजाला ‘खरखर’ म्हणावे, जवारी नव्हे.

एक अपवाद मात्र मला मनापासून मान्य आहे. पडदे नसलेल्या बेसवर तार लाकडी पट्टीला फार लहान कोनात टेकते आणि कंप पावताना तिला चाटत राहते, त्यामुळे स्वर उमटल्यानंतर उमलत जातो. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या पडदे काढलेल्या जॅझ बेसच्या पट्टीवर इपॉक्सीचा कठीण थर दिला होता, त्यामुळे हा गुण अधिकच उजळला. क्रिया तीच असल्यामुळे या नादाला ‘जवारीदार’ म्हणणे पूर्णपणे सार्थ आहे.

पुरवणी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु शीर्षकातील ‘बद्द’ हा शब्द त्यात राहून गेला. बोदा आणि बद्द यांत फरक करायला हवा. बोद्या स्वराला धार नसते, पण त्याची आस, म्हणजे स्वर उमटल्यानंतर रेंगाळणारा नाद, टिकून असते. बद्द स्वराची आसच तुटते. फेंडर पद्धतीच्या अनेक वाद्यांवर सर्वांत बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास असा एखादा स्वर सापडतो. तेथे दांडी स्वतःच त्या कंपनाशी जुळून हलू लागते आणि तारेची शक्ती शोषून घेते. तारा, पिकअप किंवा अँप बदलून तो जात नाही. खुंट्यांच्या बाजूला दांडीच्या टोकाशी थोडे वजन जोडले तर तो सरकतो, आणि कधीकधी दोन पडद्यांच्या मध्ये जाऊन निरुपद्रवी होतो. म्हणून वाद्य विकत घेताना अँप न लावता त्या तारेचा प्रत्येक पडदा दाबून प्रत्येक स्वराची आस ऐकावी.