अनुभव धागा: घर तेच, पण जरा वेगळं. नागपूरकरांनो, तुम्ही काय केलं?

लक्ष्मीनगरातून (धागा सुरू करणारी)

सुरुवात माझ्यापासूनच करते.

आमचा फ्लॅट सासऱ्यांनी 1988 साली घेतलेला. हॉलमध्ये भिंतभर सनमायकाचं शोकेस. त्यात लग्नात आलेले तीन लेमन सेट, दोन ताजमहाल (एकाचा मिनार तुटका), सासऱ्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ, प्लास्टिकची फळं आणि खालच्या कप्प्यात कशाकशाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या चाव्या. हलवायचा विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "राहू द्या ना, तुम्हाला काय खाऊन राहिलं का ते?"

यंदा मार्चमध्ये त्यालाच वाळवी खाऊन राहिली आहे असं लक्षात आलं आणि वाद मिटला. कबाडीवाल्याने घेताना पैसे देणं सोडाच, न्यायचे वरून 300 रुपये मागितले. शोकेस हललं तर मागे भिंतीवर सहा बाय सात फुटांचा पिस्ता रंगाचा चौकोन. 1988 चा, कोरा करकरीत. हॉल त्यानंतर चारदा रंगवला, आणि चारही वेळा पेंटर शोकेसला वळसा घालून गेला होता!

आम्ही तो चौकोन तसाच ठेवलाय. त्याच्यापुढे सासूबाईंची वेताची खुर्ची आणि एक स्टँडचा दिवा, 1,400 रुपयांचा. वाळवीच्या औषधाचा खर्च वेगळा. परवा एक पाहुणे विचारत होते, "हे टेक्श्चर कोणाकडून करून घेतलं?"

तर लिहा तुमचे अनुभव. अट एकच, स्वतः केलेलं किंवा समोर उभं राहून करवून घेतलेलं हवं. फसलेलं असेल तर आधी लिहा.

मनीषनगरातून

भाड्याचं घर, भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही ही घरमालकाची अट. प्रत्येक खोलीत त्याने एकेक पांढरीफट्ट ट्यूब लावून दिलेली. त्या उजेडात माझी धडधाकट आईसुद्धा दवाखान्यातून आल्यासारखी दिसायची.

मी फक्त दिवे बदलले. खोक्यावर केल्व्हिनचा आकडा छापलेला असतो, तो बघायची सवय लावा. 6500 म्हणजे निळसर पांढरा, 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, संध्याकाळी डोळ्यांना बरा वाटणारा. हॉल आणि झोपायच्या खोलीत 3000 चे, आणि तेही छतावर एकच मोठा नाही, कोपऱ्यांत दोन छोटे. छतावरून एकच दिवा पडला की खोलीला सावल्याच राहत नाहीत, सगळं सपाट दिसतं. स्वयंपाकघरात मात्र हौसेने पिवळा लावला आणि तूरडाळीतले खडे दिसेनात. तिथे आता 4000 चा आहे.

पडद्यांचा किस्सा. खिळा नाही म्हणून चौकटीत अडकणारे स्प्रिंगचे रॉड आणले. गांधीबागेतून मांजरपाट घेतलं, शिवून लावलं, सुंदर दिसलं. पहिल्या धुण्यात चार बोटं आटलं! कापड आधी भिजवून मग शिवायचं असतं हे मला आईने पडदे वर गेल्यावर सांगितलं. मग तिनेच तिच्या जुन्या नागपुरी लुगड्याचे काठ काढून खाली जोडले. काळपट लाल, बारीक करवतीचा काठ. आता घरात आलेला माणूस आधी पडद्यांचं खालचं टोक बघतो.

महालातून

आमच्या वाड्याला आता वाडा म्हणवत नाही. वाटण्या होऊन दोन खोल्या आणि अर्धा जिना एवढंच वाट्याला आलं. पण दोन सागवानी खांब आमच्याच खोलीत पडले. लहानपणापासून ते हिरव्या ऑईल पेंटमध्ये बघत आलो.

एका रविवारी सहज पत्र्याने खरवडून पाहिलं. हिरव्याखाली आकाशी, आकाशीखाली चॉकलेटी, त्याखाली पुन्हा हिरवा. वडील बाजूला बसून थर ओळखत होते: हा धाकट्याच्या लग्नाचा, हा माझ्या लग्नाचा, हा आत्याच्या. प्रत्येक लग्नाला एक हात मारलेला. एकूण 11 रविवार लागले. तळाशी, जिथे रंग सगळ्यात जाड साचला होता, तिथे वाटीएवढं कोरलेलं कमळ निघालं. आठ पाकळ्या, एक उडालेली. वडिलांनी 70 वर्षांत ते पाहिलं नव्हतं.

करायचं असेल तर दोन-तीन गोष्टी सांगतो. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा काही भरवसा नाही. म्हणून कोरडं घासू नका. पेंट रिमूव्हर लावा, पाण्याचा सँडपेपर ओला करून घासा, मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका आणि निघालेली खपली झाडून अंगणात टाकू नका.

वरून जवसाचं तेल दिलं. पहिल्यांदा घाणीवरचं कच्चं तेल आणलं, म्हटलं आपल्या विदर्भातलंच तर आहे. आषाढात लावलं. पंधरा दिवस खांब चिकट! मच्छर, धूळ, मांजराचे केस, सगळं त्यावर. टर्पेंटाइनने पुसून काढलं आणि हार्डवेअरच्या दुकानातून बॉईल्ड लिनसीड आणलं, तेही जवसाचंच, पण ते वाळतं. एक हात पातळ लावायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्यायचं. आणि त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळ्या वाळवा.

नंदनवनातून

सगळे दिवे अन् पडद्यावर लिहून राहिले, कूलरवर कोणीच नाही? आपल्या नागपुरात मार्च ते जून सोफा कुठं ठेवायचा हे बायको नाही ठरवत, कूलर ठरवते बाप्पा.

आमच्या हॉलले एकच मोठी खिडकी. तिच्यात कूलरचं तोंड बसवलं, उरलेल्या जागेले पुठ्ठा अन् चिकटपट्टी. उजेड बंद. चार महिने दिवसा लाईट लावून बसा. दहा वर्षं असंच चाललं, कोणाले काही वाटलं नाही. मागच्या वर्षी पोरीने विचारलं, "बाबा, आपण पुठ्ठ्यात काहून राहतो?"

मग कूलरले बाहेर लोखंडी अँगलचा स्टँड करून देल्ला, जरासा खाली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात कूलरचं तोंड, वरच्या अर्ध्यात काच. फॅब्रिकेशनवाल्याने दोन दिवसात करून देल्लं, 3,800 रुपयांत. हॉलमध्ये उजेड आला तेव्हा समजलं की भिंतीचा रंग किती घाण झाला होता. तो खर्च मग वेगळा निघाला, सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट, कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी पाह्यजे. बरेच जण सगळं बंद करून बसतात अन् म्हणतात कूलर काम नाही करून राहिला. हवेले बाहेर जाले वाट नाही तर घरात दमटपणा साचते, अंग चिपचिप करते अन् कपाटाचे दरवाजे फुगतात. कूलरच्या थेट तोंडासमोर प्लायवूडचं काहीच ठेवू नका. मी टीव्हीचं युनिट ठेवलं होतं. त्याच्या खालच्या फळीचं आता पापड झालं आहे.

छतावर दरवर्षी मार्चच्या शेवटी चुना मारतो. रात्रभर भिजवलेला, गाळलेला, त्यात थोडा फेविकॉल, दोन हात. भिजवताना चुना उकळते, म्हणून लोखंडी ड्रम घ्या अन् डोळे सांभाळा. पावसाळ्यात निम्मा धुऊन जाते, त्याचं दुःख करू नका. पारा 45 च्या वर जाते तेव्हा वरच्या खोलीत फरक पायाले समजते.

त्रिमूर्तीनगरातून

फसलेलं आधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. ऑनलाइन फोमच्या पांढऱ्या विटांचे स्टिकर मागवले, टीव्हीमागची भिंत सजवली, फोटो काढून नातेवाइकांत फिरवले. डिसेंबर होता. मे महिन्यात रात्री दोन वाजता हॉलमध्ये धप्प आवाज आला. चोर समजून मी हातात लाटणं घेऊन गेलो. तीन विटा पडल्या होत्या. सकाळपर्यंत सात. ती भिंत पश्चिमेची, दुपारभर तापायची. विटांबरोबर पुट्टीही आली, आता दुरुस्तीचा खर्च स्टिकरच्या तिप्पट. बस, एवढंच.

अंबाझरी परिसरातून

आम्ही हौसेने काही केलं नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पाणी घरात आलं. अंबाझरी तलाव ओसंडला होता. आम्ही तळमजल्यावर. दार उघडायच्या आत पलंगाची गादी तरंगत होती. घरात साडेतीन फूट पाणी. ते ओसरल्यावर चिखल काढायला चार दिवस लागले.

प्लायवूड आणि एमडीएफचं सगळं गेलं. कपाटांचे पदर भिजलेल्या वहीसारखे सुटले होते. टिकलं ते काय, तर आजीची लोखंडी पेटी, गोदरेजची आलमारी आणि सागाचा एक जुना पाट.

त्यानंतर घर लावलं ते एका नियमाने: चार फुटांच्या खाली भिजून फुगेल असं काही नाही. पलंग लोखंडी पायपाचे. ओट्याखाली कडप्प्याचे उभे आणि ॲल्युमिनियमची दारं. प्लग पॉइंट साडेचार फुटांवर घेतले, मोबाईल चार्जिंगला लावला की वायर लोंबकळते, लोंबकळू दे. पुस्तकं, कागदपत्रं, फोटोंचे अल्बम सगळे भिंतीवरच्या फळ्यांवर.

घाईची चूक आमचीही झाली. दिवाळी तोंडावर होती, ठेकेदार म्हणाला भिंती सुकल्या, आम्हालाही जे दिसत होतं ते विसरायचं होतं. रंग दिला. जानेवारीत फोड आले, हात लावला की आत पाणी. सगळी पुट्टी खरवडून भिंती पूर्ण उन्हाळाभर उघड्या ठेवल्या, मग रंग दिला. तो अजून आहे. विटांच्या भिंतीने प्यायलेलं पाणी निघायला महिने लागतात. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीलाही हेच लागू.

तुमच्या विषयाचं म्हणाल तर एक गोष्ट झाली. सगळं सामान पायांवर किंवा भिंतीवर गेल्यामुळे जमीन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसते. झाडू कुठेच अडत नाही. खोल्या मोठ्या झाल्यासारख्या वाटतात. येणारे म्हणतात, "किती मोकळं केलं हो घर." आम्ही काही बोलत नाही.

रेशीमबागेतून

वरचं वाचून काही सुचेना. तरी लिहिते.

आमचं घर जुनं, भिंती दीड फुटाच्या. सेवाग्रामला पाहुण्यांना घेऊन गेलो होतो, इथून 75-80 किलोमीटर. बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात केलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. सगळे ते बघत होते, मी मात्र कोनाडे बघत होते. आमच्याही घरात कोनाडे होते, फॅशन म्हणून मागे कधीतरी विटा घालून बुजवलेले. परत आल्यावर भिंतीवर टकटक करत फिरले. पोकळ आवाज आला तिथे मिस्त्रीला बोलावून एक उघडला. आता त्यात माठ आहे. फ्रीजवरच्या बाटल्यांची रांग गेली आणि स्वयंपाकघर एकदम सुटसुटीत झालं. माठ पाझरतो म्हणून कोनाड्याच्या तळाला दगडाची चीप बसवून घ्या.

सक्करदऱ्यातून

आमचा खर्च शून्य. तान्ह्या पोळ्याचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा असतो तो) लाकडी नंदी पोळा झाला की पोत्यात बांधून माळ्यावर जायचे. आजोबांचा, बाबांचा, माझा आणि मुलाचा, असे चार. आजोबांचा दीड फुटाचा, सागाचा, एक शिंग डिंकाने चिकटवलेलं. माझ्या नंदीचं एक चाक गेलेलं, म्हणून तो तिरपा उभा राहतो. बायकोने चारही दारासमोरच्या फळीवर एका रांगेत लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्याच फळीवर आधी सेलमध्ये घेतलेला हसरा बुद्ध होता, तो आता बाथरूमच्या खिडकीत हसतो.

रंग दिलेले नाहीत. मुलगा म्हणत होता सोनेरी स्प्रे मारू. त्याला स्प्रेचा डबा दिसणार नाही अशा जागी ठेवलाय.

लक्ष्मीनगरातून (धागा सुरू करणारी)

महालवाले दादा, कमळाच्या उडालेल्या पाकळीला लांबी-पुट्टी वगैरे भरू नका हो, तशीच राहू द्या. नंदनवनचे भाऊ, कूलरचा स्टँड आम्हीही करून राहिलोत, मापं विचारीन. अंबाझरीच्या ताईंचं वाचल्यावर आज संध्याकाळी पलंगाखालची कागदपत्रांची बॅग वर ठेवली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, तरी.

सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. पडद्याच्या काठाला त्या "हं" म्हणाल्या. नंदींपाशी थांबवलं. म्हणाल्या, "ह्यांचा एक होता. निळी झूल होती त्याला." शोधायला हवा. माळ्याच्या कुलपाची चावी कुठे असेल हे मात्र मला ठाऊक आहे. शोकेसच्या खालच्या कप्प्यातल्या सगळ्या चाव्या मी डालड्याच्या डब्यात भरून ठेवल्यात. 43 आहेत. उद्या एकेक लावून बघते.