प्रतिसाद: यंत्रणा हवी, पण पालिकेच्या खात्यासारखी नको

प्रत्येक नगरपालिकेने आर्थिक विकासासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी, या सूचनेवर ‘म्हणजे आणखी एक कार्यालय’ असा आक्षेप आला आहे. आक्षेपामागची भीती खरी आहे, तरीही मला सूचना मोलाची वाटते.

दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्ग शहराने 2001 मध्ये अशी यंत्रणा स्थापन केली, ती कंपनीच्या स्वरूपात. मालकी पूर्णपणे महापालिकेची, पण संचालक मंडळ स्वतंत्र, आणि काम ठरावीक परिसरांपुरते. न्यूटाउन, ब्रामफॉन्टेन अशा उतरणीला लागलेल्या भागांत आधी पदपथ, दिवे, चौक यांवर सार्वजनिक पैसा घालायचा, म्हणजे खाजगी गुंतवणूकदाराला तिथे यावेसे वाटेल, ही तिची रीत. याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. ते शहर आजही जुन्या पडक्या इमारतींशी झगडते आहे. मात्र जबाबदारी कोणाची, हे तिथे स्पष्ट असते.

आपल्याकडे 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे पालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीत, आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन हा विषय घातला, पण पालिकेत त्यासाठी बसणारा माणूस क्वचितच सापडतो. इचलकरंजीत माझ्या मामांना आठ मागांच्या शेडसाठी मिळकतपत्रिकेची तीच प्रत तीन कार्यालयांत द्यावी लागली, आणि तिन्हीकडे पुढच्या टेबलाचा रस्ता दाखवण्यात आला. त्या टेबलांच्या मधली जागा भरणारी यंत्रणा मला हवी आहे. तिला स्वतःचा निधी आणि किमान पाच वर्षे न बदलणारा प्रमुख मिळणार नसेल, तर ती स्थापन करण्याची घाई करू नये.